गेट, पुनर्विवाह आणि आपला समाज

गेट मिळालेल्या स्त्रीस दुसऱ्या विवाहापूर्वी ९२ दिवस थांबावे लागते. हा नियम इस्राएल सरकारचा नव्हे. त्याचे मूळ मिश्नात आहे. मिश्नाने तीन महिन्यांची मुदत सांगितली. गेटचा दिवस व विवाहाचा दिवस सोडून मधले ९० दिवस पूर्ण व्हावे लागतात, म्हणून ९२. पुढे होणारे मूल पहिल्या पतीचे की दुसऱ्याचे, हा संशय राहू नये एवढाच हेतू. मूल अंगावर पीत असेल, तर ते चोवीस महिन्यांचे होईपर्यंत मातेने लग्न करू नये, असे शुल्हान आरूख सांगतो. तान्ह्याच्या दुधाची काळजी कायद्याने वाहिली, हे आम्हांस विशेष वाटते.

मुदतीची बंधने कालांतराने सुटतात. गेटपूर्वीच्या संबंधांचे तसे नाही. सोटा या मिश्नाग्रंथाप्रमाणे परपुरुषाशी संबंध ठेवणारी विवाहिता पतीस निषिद्ध होते, तशीच त्या पुरुषासही. गेटनंतरसुद्धा त्या दोघांचा विवाह रब्बी लावीत नाहीत. त्या संबंधातून झालेले मूल मामझेर ठरते. उलट, विवाहित पुरुषास अविवाहित स्त्रीपासून मूल झाले, तर त्या मुलावर हा डाग येत नाही. ही विषमता आम्हांस खटकते. पती गेट अडवून बसतो तेव्हा तर ती असह्य होते. अशा पतीचा पासपोर्ट व वाहनपरवाना रोखण्याचा, प्रसंगी त्यास तुरुंगात धाडण्याचा अधिकार १९९५ च्या कायद्याने धर्मन्यायालयांस दिला.

याच शंकेची झळ आपल्या सबंध समाजास लागली होती. कोकणात गेट लिहिणारे जाणते लोक नव्हते. तेव्हा एखादी पणजी गेटविना पुन्हा विवाहबद्ध झाली असेल तर, असा प्रश्न काही रब्बींनी काढला. मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या काळात, १९६२ साली, बेने इस्राएल वधूवरांच्या आई-आजीपर्यंत, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करण्याच्या सूचना निघाल्या. वास्तविक आपल्या पूर्वजांत घटस्फोट विरळाच; शेजारच्या हिंदूंप्रमाणे विधवेचा पुनर्विवाहही कमीपणाचा मानला जाई. ज्या समाजाने या बाबतीत जरुरीपेक्षा अधिक कडकपणा पाळला, त्याच्याच माथी हा संशय आला! १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या बंधुभगिनींनी जेरुसलेम येथे धरणे धरले. ऑगस्टमध्ये क्नेसेटची खास बैठक झाली, पंतप्रधान लेवी एश्कोल यांचे सरकार आपल्या बाजूने उभे राहिले, आणि रब्बीनेटने त्या सूचनांतून बेने इस्राएल हे नाव वगळले.

त्याच १९६२ साली क्नेसेटने पालकत्वाचा कायदाही संमत केला. सहा वर्षांखालील मूल, खास कारण नसल्यास, आईजवळ राहावे असे त्यात ठरले. परंतु मुख्य कसोटी बालकाच्या हिताची. त्यामुळे आईने अगर बापाने नवा जोडीदार पाहिला, एवढ्यावरून मूल त्याच्यापासून काढले जात नाही. त्या संबंधाचा मुलावर काय परिणाम होतो, हे पाहिले जाते. मात्र १९५३ च्या कायद्यान्वये गेटच्या दाव्याशी जोडलेले इतर प्रश्नही धर्मन्यायालयापुढे जाऊ शकतात. १९९५ पासून कौटुंबिक न्यायालये स्थापन झाल्यावर, कोणाचा अर्ज कोठे आधी पडला, यावरून कित्येक घरांत मुलांआधी तारखांचेच भांडण होऊ लागले.