लिलाव कोणी सोडला? : ‘ईबे’वरील व्यापाऱ्यांच्या इतिहासातील एक प्रश्न

सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिद्यार यांनी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथून ‘ऑक्शनवेब’ ही इंटरनेटवरील लिलावपेठ सुरू केली. तीच १९९७ पासून ‘ईबे’ या नावाने ओळखली जाऊ लागली. आरंभी विकल्या गेलेल्या वस्तूंत एक नादुरुस्त लेसर-पॉइंटर होता व त्यास १४.८३ डॉलर आले. असल्या वस्तूचा भाव कोणत्याही दरपत्रकात सापडावयाचा नाही. तो बोलीनेच कळावयाचा.

व्यापारी या पेठेत शिरला तो याच गुणामुळे. अल्प आरंभबोलीने गर्दी जमवावी, दोनचार नगांवर भाव अजमावावा, मग उरलेला माल काढावा, असा त्याचा क्रम असे. ग्राहक आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवितो, यंत्र त्याच्या वतीने बोली चढविते, आणि विजेत्यास प्रतिस्पर्ध्याच्या बोलीहून किंचितच अधिक द्यावे लागते. विल्यम विकरी यांच्या १९६१ मधील सुप्रसिद्ध लिलावविवेचनाशी या पद्धतीचे साम्य उघड आहे. १९९६ पासून ठेवलेली परस्पर-अभिप्रायांची नोंद ही अनोळखी विक्रेत्याची पत ठरली.

पुढे २००० मध्ये ठराविक किमतीस तत्काळ खरेदीची सोय झाली व २००१ मध्ये विक्रेत्यांना स्वतंत्र दुकाने थाटता आली. मे २००८ मध्ये ग्राहकाविषयी प्रतिकूल अभिप्राय देण्याचा विक्रेत्याचा हक्क काढून घेण्यात आला. आमच्या मते ही घटना किमतीच्या सोयीहूनही अर्थपूर्ण आहे. बरोबरीच्या दोन माणसांचा व्यवहार येथे संपला आणि दुकानदार व गिऱ्हाईक हे जुने नाते परत आले.

यावरून हौशी विक्रेते मागे पडले, घाऊक माल आला, म्हणून लिलाव ओसरला, असे अनुमान सहज निघते. ते पुरेसे नाही. आयनाव, फारोनातो, लेव्हिन व सुंदरेसन यांनी ‘ईबे’च्याच नोंदी तपासून २०१८ मध्ये दाखविले की, मालाच्या वा विक्रेत्यांच्या स्वरूपातील बदलाने या स्थित्यंतराचा उलगडा होत नाही. लिलावापासून विक्रेत्यास होणारी प्राप्तीच घटली होती, आणि तिच्या मुळाशी मुख्यत्वे ग्राहकांची ओसरलेली मागणी होती. दिवसचे दिवस बोलीवर लक्ष ठेवण्याची हौस गिऱ्हाइकालाच उरली नव्हती. व्यापाऱ्यावरील आरोप निदान अर्धा तरी मागे घ्यावा लागतो. तरीही काही विक्रेते लिलाव व ठराविक किंमत या दोन्ही रीती आजही जवळ बाळगतात. थांबण्यास तयार असलेल्या गिऱ्हाइकास एक आणि घाई असलेल्यास दुसरी.