खर्डा आणि सिद्धी : लिओनार्दोची अश्वरेखाटने

पूर्वरेखाटन म्हणजे पुढे घडावयाच्या शिल्पाचा कच्चा खर्डा, अशी रूढ समजूत आहे. शिल्प सिद्ध झाले की खर्ड्याचे प्रयोजन संपते, हे तीत गृहीत असते. परंतु शिल्प सिद्धच झाले नाही तर खर्ड्याचे स्थान कोणते? लिओनार्दो दा विंचीच्या अश्वरेखाटनांनी उपस्थित केलेला हा प्रश्न साहित्यकृतींच्या हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्या समीक्षेलाही टाळता येणारा नाही.

मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला आपला पिता फ्रान्चेस्को ह्याचे अश्वारूढ स्मारक उभारावयाचे होते. आरंभीच्या रेखाटनांत घोडा मागील पायांवर उसळलेला असून त्याच्या पुढील खुरांखाली शत्रू कोसळलेला दिसतो. हा शत्रू विजयाचे चिन्ह आहे, तसाच अधांतरी भाराला मिळालेला आधारही आहे. अर्थाची आणि ओतकामाची अडचण येथे एकाच आकृतीने सोडविली आहे. पुढे ही कल्पना मागे पडली. २३ एप्रिल १४९० रोजी घोड्याचे काम नव्याने आरंभिल्याची नोंद लिओनार्दोने केली. त्यानंतरचा घोडा चालीचा आहे.

ह्या काळातील काही पत्रे आज विंडसरच्या राजसंग्रहात आहेत. सेनानी गालेआझ्झो सान्सेवेरिनो ह्याच्या तबेल्यातील विशिष्ट घोडे त्यांत नावानिशी नोंदलेले असून अवयवांलगत मापे लिहिलेली आहेत. स्मारकाला हवा होता आदर्श अश्व. रेखाटने मात्र अमुक एका घोड्याच्या अमुक पायाची आहेत. आदर्शाची वाट विशिष्टाच्या मोजमापातून जाते, हे ह्या पत्रांतून स्पष्ट होते.

१४९३ पर्यंत सुमारे ७ मीटर उंचीचा मातीचा घोडा तयार झाला. परंतु १४९४ मध्ये त्यासाठी जमविलेले ब्राँझ तोफांकरिता फेर्राराला गेले आणि १४९९ मध्ये मिलान घेणाऱ्या फ्रेंच सैन्यातील तिरंदाजांनी त्या मातीच्या घोड्यालाच लक्ष्य केले. उरली ती रेखाटने आणि ओतकामाची टिपणे. त्यांपैकी माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील टिपणे तर १९६० च्या दशकात पुन्हा उजेडात आली.

येथे दोन मोह संभवतात. पहिला, साऱ्या रेखाटनांना हरवलेल्या घोड्याकडे नेणाऱ्या पायऱ्या मानण्याचा. तसे मानल्यास उसळता घोडा ही केवळ चुकलेली वाट ठरते. परंतु १५०८ ते १५११ च्या सुमारास त्रिवुल्झिओ ह्या सेनापतीच्या स्मारकासाठी केलेल्या रेखाटनांत तो पुन्हा अवतरतो. हे स्मारकही झाले नाही. वगळलेला पर्याय म्हणजे प्रमाद नव्हे. ती राखून ठेवलेली शक्यता असते. अंतिम संहितेच्या मापाने आधीचे खर्डे जोखणाऱ्या समीक्षकाने हे ध्यानी घ्यावयास हवे.

दुसरा मोह खर्ड्यालाच स्वयंपूर्ण कलाकृती ठरविण्याचा. रेषेच्या सौंदर्यात रमताना पायालगतचे आकडे दृष्टीआड होतात. ते आकडे घडावयाच्या वस्तूसाठी लिहिलेले आहेत. त्या संकल्पावाचून त्यांना अर्थ नाही. खर्ड्याचे वाचन त्याच्या सिद्धीवर अवलंबून नसते. त्यामागील सिद्धीच्या संकल्पावर मात्र ते निश्चितपणे अवलंबून असते. घोडा नष्ट झाला, तरी तो संकल्प विंडसरच्या पत्रांवर आजही वाचता येतो.