मायची हजेरी

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या मुर्रीत धान कापून झाला की मायच्या हाताला काम नसे. मग ती रोजगार हमीतून बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, खोलीकरणावर जायची. डोक्यावर लुगड्याची चुंबळ, वर घमेलं, पाय घोट्यापर्यंत गाळात. रोजगार हमीची ही कल्पना वि. स. पागे यांची, १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली आणि १९७७च्या कायद्यानं काम हा हक्क झाला. शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून आमची चूल पेटायची, हे मला आजही फार मोठं वाटतं.

२००६ला केंद्राची रोजगार हमी योजना पहिल्या २०० जिल्ह्यांत आली, त्यात गोंदियाही होता. पुढं मजुरी थेट खात्यात येऊ लागली. एकदा मात्र मायचे पैसे तीन महिने आलेच नाहीत. दर सोमवारी ती पासबुक पदरात बांधून निघायची आणि दुपारी तशीच परतायची.