देठ, फूल आणि आठळी : आपल्या पाकशाळेतील एक विस्मृत प्रकरण

कोणत्याही समाजाचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे सनदा, वतनपत्रे, देवालये आणि कर्तृत्ववान पुरुष यांच्याकडेच लेखकाचे लक्ष प्रथम जाते. चुलीपाशी घडलेला इतिहास मात्र कोणत्याही दप्तरात नोंदला जात नाही. वस्तुतः पिढ्यान्‌पिढ्या माणसे जगली ती त्याच इतिहासाच्या बळावर. आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य कुटुंबे मूळची कोकणपट्टीतील. तेथील घराघरांत शिजणाऱ्या, परंतु हल्ली टाकाऊ समजल्या जाणाऱ्या काही वनस्पतिभागांचा परामर्श या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही घेत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. देठ, फुले, बिया खाणे ही केवळ दारिद्र्यातून आलेली चाल होती, असे पुष्कळांस वाटते. शास्त्रग्रंथांत निराळेच आढळते. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात शाकाचे सहा वर्ग सांगितले आहेत : पत्र, पुष्प, फल, नाल, कंद आणि संस्वेदज. यांतील नाल म्हणजे देठ, आणि संस्वेदज म्हणजे अळंबी इत्यादी. देठाला आणि फुलाला तेथे पानाफळाच्या शेजारी मानाची जागा आहे.

आपल्या सणावारांनीही हीच जागा राखली. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य. त्या दिवशीच्या मिश्र भाजीत आळूच्या देठी आणि माठाचे जाड देठ हवेतच. दक्षिण कोकणात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी करतात. भर पावसाळ्यात, बाजार दूर आणि वाटा चिखलाच्या असताना, परसात जे हिरवे उभे आहे तेच व्रताचे अन्न ठरले, यात पूर्वजांचे शहाणपण दिसते.

परंतु यात खरे मोल पदार्थापेक्षा कृतीचे आहे. केळफूल घ्या. तांबडी पाने उलगडून आतील फण्या काढावयाच्या, प्रत्येक फुलातील ताठ काडी आणि लहानशी पारदर्शक पाकळी निवडून टाकावयाची, हाताला तेल लावून चिरावयाचे आणि ताकाच्या पाण्यात भिजत ठेवावयाचे. काडी शिजत नाही. ताकाने तुरटपणा उतरतो व फोडी काळ्या पडत नाहीत. मग काळ्या वाटाण्यांबरोबर ती भाजी शिजते. एकदा घड उतरला की ती केळ पुन्हा फळत नाही. तिच्या खोडाचा पांढरा गाभा चकत्या करून, सुटणारे तंतू बोटावर गुंडाळून काढून, वापरीत असत.

आळूच्या देठांत व पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. घशाला खाज येते ती त्यांमुळे. म्हणून देठी सोलून, चिंच वा आमसूल घालून, पुरत्या शिजविण्याची रीत. फणसाच्या आठळ्यांत पचनास अडथळा करणारे एक द्रव्य असते. ते उष्णतेने निकामी होते. आठळी उकडून किंवा निखाऱ्यात भाजूनच खावी, हे आमच्या आज्यांना रसायनशास्त्राच्या पुस्तकावाचून ठाऊक होते. त्याच आठळ्या माती फासून कोरड्या जागी साठवीत आणि श्रावणात आळूच्या फदफद्यात घालीत. भोपळ्याची नर फुले भज्यांसाठी खुडीत. परंतु काही वेलावर राखीत, नाहीतर मादी फुले फळणार कशी? दोडक्याच्या शिराही तीळ-खोबऱ्याबरोबर चटणीत जात.

आता पोषणाचा विचार करू. भारतीय अन्नाच्या पृथक्करणाचे काम करणारी राष्ट्रीय पोषण संस्था १९१८ साली कुन्नूर येथे लहान स्वरूपात सुरू झाली व १९५८ साली हैदराबादेस आली. तिच्या २०१७ च्या कोष्टकांप्रमाणे शेवग्याच्या १०० ग्रॅम पाल्यात सुमारे साडेसहा ग्रॅम प्रथिने आणि ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. शेंगेत हेच कॅल्शियम ३०-३५ मिलिग्रॅमच्या आसपास भरते. आपण शेंगेला दाम मोजतो आणि पाला झाडाखाली कुजू देतो! ताज्या आठळ्यांतही १०० ग्रॅममागे सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात.

मग हे अन्न मागे का पडले? आमच्या मते याचे मुख्य कारण म्हणजे परसाकडून बाजाराकडे झालेले आपले स्थलांतर. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला गेला. पुढे गिरण्या वाढल्या आणि कोकणातील घराघरांतून माणसे चाकरीसाठी बोटीने मुंबईस जाऊ लागली. परसात संपूर्ण झाड हाताशी असते. बाजारात त्याचा विकाऊ तेवढाच भाग मिळतो. पाहुण्यांपुढे देठीची भाजी वाढण्याचा संकोच याच काळात शिरला. फुलकोबी तर इंग्रजी अमदानीत परदेशातून आलेली. तिच्या कोवळ्या पानांविषयी आजीची कोणतीच शिकवण घरात नव्हती, म्हणून ती पाने सरळ केरात गेली. स्वच्छ धुऊन, बारीक चिरून त्यांची उत्तम भाजी होते.

झाड तोडले तर पुन्हा लावता येते. परंतु कृती विसरली की झाड समोर असूनही निरुपयोगी होते. केळफुलातील काडी कोणती, हे ज्यांना पाहताक्षणी कळते अशा वृद्धा आज प्रत्येक घरात नाहीत. ज्या घरात आहेत, तेथील सुना-नातींनी, आणि नातवांनीही, या पावसाळ्यात त्यांच्याजवळ बसून एकेक कृती हाताने करावी व वहीत टिपून ठेवावी. कोणता भाग टाकावा आणि का टाकावा, हेही त्यात अवश्य लिहावे, कारण न शिकता खाल्लेला पाला अपायही करतो. महिला मंडळाने अशा वह्या एकत्र केल्यास पुढील स्मरणिकेची काही पाने त्यांना द्यावीत, अशी संपादक मंडळास आमची नम्र सूचना आहे. वंशावळी आपण पुष्कळ छापल्या. त्या वंशांना ज्या अन्नाने वाढविले त्याचीही नोंद होणे अगत्याचे आहे.