पाचव्या पायरीखालचा रस्ता

डिसेंबर 1943 मध्ये देशभरातल्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. महायुद्ध सुरू होतं, नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं, आणि युद्धानंतरच्या 20 वर्षांत भारतात रस्ते कसे बांधायचे हे या बैठकीत ठरणार होतं. सिव्हिलवाल्या मित्रांना ‘नागपूर प्लॅन’ परीक्षेपुरता पाठ असतो. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग (पुढे राज्य महामार्ग), प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते अशी पाच पायऱ्यांची उतरंड तेव्हा पक्की झाली. एकूण उद्दिष्ट 5,32,700 किलोमीटरचं. शेतीच्या विकसित भागात कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब राहू नये, असाही एक निकष होता.

मला रस आहे तो या यादीत नसलेल्या सहाव्या पायरीत. नागपूरच्या भोवती, कळमेश्वर-काटोलकडे म्हणा की कुही-उमरेडकडे, डांबर सोडून पाचशे मीटर आत गेलात की ती सापडते. दोन वावरांच्या मधून, दोन्ही बाजूंनी बाभळी-बोरींची दाटी, मध्ये बंडीच्या चाकांनी पाडलेल्या दोन खोल रेघा. हिला आमच्याकडे पांदण म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात पाणंद. ‘चाकोरी’ हा शब्द आपण ऑफिसात सर्रास वापरतो, पण खरी चाकोरी बघायची तर इथे यावं लागतं.

युरोपात जाड टायरच्या सायकली घेऊन गाड्या नसलेल्या खडीच्या वाटांवर दिवसदिवस फिरायची टूम आहे. उत्तर जर्मनीतला, हॅम्बुर्गच्या दक्षिणेचा ल्युनेबुर्ग हीथ हा माळ त्यासाठी अगदी सोयीचा. तिथली सगळ्यात उंच टेकडी 169 मीटरची, म्हणजे दम लागायची भीती नाही. एगेस्टोर्फ गावचा विल्हेल्म बोडे नावाचा पाद्री विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या जमिनी विकत घेऊन वाचवायच्या मागे लागला, आणि आज त्या माळामधल्या विल्झेडे गावात मोटारी नेता येत नाहीत. लोक पायी, सायकलवर किंवा घोडागाडीतून जातात. व्हिडिओ बघून हेवा वाटतो. पण वाटांचंच म्हणाल तर आपल्याकडे त्या कमी नाहीत.

फक्त जमिनीचं थोडं गणित लागतं. नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व काठावर बसलंय. सीताबर्डीची टेकडी त्याच बेसॉल्टची, आणि शहराच्या पूर्वेला गेलं की खडक बदलतो. इंग्रजांच्या बंदोबस्त अधिकाऱ्यांनी शेतसारा ठरवताना या जिल्ह्यातल्या मातीचे प्रकार पाडले. त्यांत काळी, मोरंड, खरडी आणि बरडी ही नावं येतात. ही नावं अर्थात त्यांनी इथल्या शेतकऱ्यांकडूनच उचलली. सारा लावताना काळी सगळ्यात वरची आणि बरडी तळाला. सायकलवाल्याचा क्रम बरोब्बर उलटा. बरडीत मुरूम असतो, पाणी थांबत नाही, चाक सुसाट जातं. काळ्या मातीत जून ते सप्टेंबर सायकल खांद्यावर घ्यावी लागते. माती टायरला आणि फ्रेमच्या फटीत अशी चिकटते की चाक फिरायचंच बंद होतं. म्हणून पावसाळ्यात काटोल बाजूचा बरड आणि हिवाळ्यात बाकी सगळं, असा माझा साधा हिशोब.

पांदण कुणाची? हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जुना आहे. 1854 मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि त्या दशकात इथे मालगुजारी पक्की करण्यात आली. मालगुजार फक्त सारा वसूल करणारा राहिला नाही, गावाचा मालक झाला. तळं, झुडपी जंगल, गुरं बसायची जागा, वाटा, सगळं त्याच्या नावावर. पण गावाचा वहिवाटीचा हक्क शाबूत होता आणि तो कागदावर लिहिला जाई. ‘वाजिब-उल-अर्ज’ असं भारदस्त नाव असलेल्या त्या कागदात कुणाला कुठून पाणी न्यायचा, कुठून जायचा-यायचा रिवाज आहे याची नोंद असे. 31 मार्च 1951 ला मालगुजारी संपली आणि मालगुजाराकडच्या या सामाईक जागा सरकारजमा झाल्या. पुढे 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनं वाजिब-उल-अर्ज आणि त्याच्या जोडीला निस्तारपत्रक ही दोन्ही कागदं कायम ठेवली. विदर्भाबाहेरच्या मित्रांना ही नावं सांगितली तर कोरे चेहरे दिसतात.

म्हणजे पांदण आहे ती महसूल खात्याच्या दप्तरात. गावनकाशावर गाडीवाट तुटक रेषांनी दाखवतात. शासनाच्या कागदांत गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते 21 फूट आणि पायवाटेची सव्वाआठ फूट दिलेली असते. हे अर्धे-पाव फूट कुठून आले, याचं मला बरेच दिवस कोडं होतं. उत्तर गुंठ्यात आहे. एक गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, कारण मोजणीची साखळी 33 फुटांची. तिचा अर्धा साडेसोळा, पाव सव्वाआठ. दोन बंड्या समोरासमोर आल्या तर एकमेकींना घासून का होईना निघून जातील, एवढी ही जागा.

गंमत अशी की मी फोनवर ओपनस्ट्रीटमॅप उघडतो तेव्हा त्यातही कच्ची शेतवाट तुटक रेषेनंच दिसते.

पण रस्ते बांधणाऱ्या खात्याचा नकाशा वेगळा, त्याचे पैसे वेगळे. ही फारकत समजून घ्यायची तर 1943 च्याही थोडं मागे जावं लागतं. 1927 मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांसाठी समिती नेमली गेली. तिची शिफारस अशी की पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि तो रस्त्यांना द्यावा. 1929 मध्ये त्यातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. युक्तिवाद बिनतोड होता: जो रस्ता वापरतो, त्यानं पैसे द्यावेत. पण बंडी पेट्रोल पीत नाही. उलट तिच्या लोखंडी धावा खडीचा रस्ता फोडतात, ही त्या काळच्या अभियंत्यांची कायमची तक्रार. देशाचा बहुतेक माल पहिली काही मैलं ज्या गाडीतून निघायचा, ती गाडी रस्त्याच्या हिशोबात निधी न देणारी आणि नुकसान करणारी ठरली. नागपुरात पाच पायऱ्या आखणाऱ्यांना दोष देऊन काही होत नाही; गाव मुख्य रस्त्याला जोडणं हेच तेव्हा मोठं काम होतं. पण गावापासून वावरापर्यंतचं अंतर कुणाच्याच खात्यात पडलं नाही, हेही खरं.

जर्मनीत हे अंतर आधीच हिशोबात धरलं गेलं. तिथे विखुरलेले जमिनीचे तुकडे एकत्र करून पुन्हा वाटायचं काम एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणात झालं, 1953 मध्ये त्यासाठी देशपातळीवर नवा कायदा आला, आणि नव्यानं आखणी करताना शेतावर जाणारी वाटही त्यातच आखली गेली. तोंडाशी लाल वर्तुळात कार आणि मोटारसायकलचं चित्र. खाली पाटी, शेतीच्या वाहनांना मुभा. सायकलला मनाई नाहीच. सायकलस्वारांचं तिथलं सुख म्हणजे शेतकऱ्यांच्या सोयीचं उपउत्पादन आहे. आपल्याकडे जमिनी एकत्र करायचा पहिला कायदा मध्य प्रांतानंच 1928 मध्ये केला, मुंबई प्रांताचा तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. तुकडेबंदी सातबाऱ्यावर शिक्का म्हणून उरली, एकत्रीकरण अर्धवट राहिलं. तुकडे वाढत गेले आणि प्रत्येक तुकड्याला वाट हवी झाली.

मग धुरे कोरले जातात. दरवर्षी नांगरताना एक तास पांदणीच्या बाजूला सरकवायचं. साडेसोळा फुटांचे दहा होतात, दहाचे सहा. दोन्ही वावरांचं पाणी त्यातूनच वाहतं, माती खरवडून निघते आणि काही वर्षांत पांदणीचा नाला होतो. कुही बाजूला एकदा मी नकाशा बघत एका वाटेच्या तोंडाशी उभा होतो, तर धुऱ्यावर बसलेले एक काकाजी म्हणाले, “पांदण हाये ना भाऊ. पण ते तुमच्या मोबाइलात हाये.” समोर तूर उभी होती. त्यांचं स्वतःचं वावर त्या तुरीच्या पलीकडे. कापूस निघाला की तो डोक्यावरून आणायचा, किंवा शेजाऱ्याच्या पाया पडायचं. मी सायकल वळवून दुसरी वाट धरली. त्यांना दुसरी वाट नव्हती.

कायदा आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चा, अडवलेली वाट तहसीलदार मोकळी करू शकतो. वाटच नसेल तर महसूल संहितेच्या कलम 143 खाली धुऱ्यावरून मागता येते. 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली आणि रोजगार हमीच्या पैशांतून मुरूम-खडी पडू लागली. 2025 मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यायचा निर्णय झाला. मला हा शेवटचा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण शेतकरी गावनकाशा वर्षानुवर्षं बघत नाही, सातबारा मात्र कर्जाच्या दर हंगामाला काढतो.

आमच्या सायकलच्या ग्रुपमध्ये यावर वाद होतो. खडीकरण झालं की ट्रॅक्टर येतात, मग मोटारसायकली, मग फार्महाऊसचा प्लॉट विकणारा बोर्ड, आणि वाट संपते, असं काहींचं म्हणणं. प्लॉटच्या बोर्डाबद्दल ते बरोबर आहेत; हिंगणा बाजूच्या काही वाटा मी तशा जाताना पाहिल्यात. पण पांदण चिखलाची राहावी असं म्हणायचा हक्क रविवारी दोन तास येणाऱ्याला नाही. मला खडी चालते. रुंदी गेलेली चालत नाही. (जंगलाला लागून असलेल्या तुटक रेषा मी सोडून देतो. उमरेड-कऱ्हांडल्याच्या बाजूला वाघ आहे, आणि तो नकाशा वाचत नाही.)

11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला. नागपूर प्लॅनलाही असाच एक डिसेंबर लाभला होता, 79 वर्षांपूर्वी. पूर्ण रस्ता 701 किलोमीटरचा, मुंबईपर्यंत. त्यावर बंडी नाही, ट्रॅक्टर नाही, दुचाकी नाही, सायकलचा तर प्रश्नच नाही. तो जिथे शेतशिवार कापत गेला तिथे माणसांसाठी आणि जनावरांसाठी खालून भुयारी मार्ग ठेवावे लागले. शहराच्या दक्षिणेला अशा एका भुयारात मी पाणी प्यायला थांबतो. वरून गाड्या ताशी शंभरच्या वर जात असतात, त्यांचा आवाज काँक्रीटमधून घुमत येतो. खाली सिमेंटच्या जमिनीवर वाळलेल्या चिखलाच्या दोन समांतर रेघा असतात, बैलगाडीच्या चाकांइतक्या अंतरावर.