लाटेवाचूनचे बंदर

फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याची विद्या चारी बाजूंनी समुद्र असलेल्या सिंगापुरात समुद्रावर शिकता येत नाही, हे ऐकून कोकणच्या माणसास नवल वाटेल. परंतु नकाशावर दृष्टी टाकली की त्याचे कारण उघड होते. एका अंगास सुमात्रा, दुसऱ्या अंगास मलाया, दक्षिणेस रिआऊची बेटे आणि मध्ये एक चिंचोळी सामुद्रधुनी. मोठी लाट घडविण्यास वाऱ्याला जे शेकडो मैलांचे निर्वेध पाणी लागते, ते येथे मुळातच नाही. १८१९ साली रॅफल्सने येथे कंपनीची वखार घातली, तेव्हा गलबतांना मिळणारा हा निवारा त्याच्या दृष्टीने मोलाचाच होता.

खरी लाट भेटते ती सामुद्रधुनीच्या पूर्वेकडील तोंडाशी, पेड्रा ब्रांका नामक खडकावर. जहाजांना घातक ठरलेल्या या खडकावर दीपगृह उभारण्याचे काम सरकारी मोजणीदार जॉन टर्नबुल थॉमसन याच्याकडे आले आणि १८५० साली त्याने ते हाती घेतले. उबीन बेटावरच्या खाणींतला ग्रॅनाइट दगड घडवून होड्यांतून आणावयाचा, आणि उसळत्या पाण्यात होडी वर उचलली जाते त्या क्षणाचा नेम धरून माणसे व माल खडकावर उतरवावयाचा, असा तो खटाटोप होता. ईशान्य मोसमी वारे सुरू झाले की तोही थांबे. वर्षाचे कित्येक महिने खडक समुद्राच्या स्वाधीन करून मंडळींना परतावे लागे. १८५१ साली, या समुद्रांचे नकाशे काढणाऱ्या होर्सबर्गच्या नावाचा दिवा तेथे लागला. हाच खडक आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००८ साली सिंगापूरच्या मालकीचा ठरविला. म्हणजे मोकळ्या समुद्राची लाट थेट येऊन आदळते असा सिंगापूरच्या अमलाखालचा मुलूख बहुधा हा एवढाच, अवघा १३७ मीटर लांबीचा, आणि त्यावर फळी घेऊन जाण्यास अर्थातच कोणास मुभा नाही.

उरलेल्या किनाऱ्यावर सरकारने लाटेशी वैरच धरले. १९६६ पासून दोन दशके टेकड्या फोडून पूर्व किनाऱ्यावर भराव घातला गेला, सुमारे १,५२५ हेक्टर नवी भूमी निर्माण झाली, आणि ती वाहून जाऊ नये म्हणून दगडी बांध पाण्यात पुढे काढून त्यांच्या आडोशाला अर्धचंद्राकृती पुळणी राखण्यात आल्या. त्या योजनेत जी थोडीबहुत लाट शिल्लक होती तिचाही बंदोबस्त झाला, याबद्दल कोणी हळहळल्याचे दिसत नाही.

पुढे २००९ साली सेंतोसा बेटावर, सिलोसोच्या पुळणीलगत, तिकीट लावून लाट विकण्याचे केंद्र निघाले. कॅलिफोर्नियाच्या टॉम लॉक्टफेल्ड यांनी काढलेल्या यंत्राची ही करामत: मऊ अस्तर लावलेल्या उतारावर पंपाने पाण्याचा पातळ थर वेगाने चढवावयाचा. समुद्रात लाट पुढे सरते आणि पाणी बहुतांशी जागच्या जागी वरखाली होते. येथे पाणी धावते आणि लाट खिळलेली असते. शिकणारा आधी फळीवर पालथा पडतो, मग गुडघ्यांवर येतो, मग उठतो. तोल गेला की पाणी त्याला उतारावर मागे फेकून देते. समुद्रावर मात्र निम्मी विद्या उभे राहण्यापूर्वीचीच आहे: दूरची लाट ओळखणे, हातांनी पाणी मारीत तिचा वेग गाठणे आणि तिने फळी उचलताच क्षणात पाय छातीखाली घेणे. ती निम्मी यंत्र शिकवीत नाही. ते केंद्रही कालांतराने बंद पडले.

म्हणून थॉमसनचे काम ज्या महिन्यांत बंद पडे, नेमक्या त्याच महिन्यांत, नोव्हेंबर ते मार्च या काळात, सिंगापूरचे हौशी लोक मोटारीच्या टपावर फळ्या बांधून, नाक्यावर पारपत्रे दाखवून, मलेशियातील जोहोरच्या देसारू किनाऱ्याकडे जातात.