दक्षिणा प्राइझ कमिटीचा नकार

दलित साहित्याची चर्चा निघाली की ‘नकार’ हा शब्द हमखास येतो. आम्ही परंपरेला नकार दिला, वर्णव्यवस्थेला नकार दिला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. परंतु आम्हाला मिळालेल्या नकारांचा इतिहास आपण नीट लिहिलेला नाही. ‘साभार परत’ या दोन शब्दांनी किती लेखण्या थांबल्या, याची मोजदाद कोणी ठेवायची? मी पळसदरीसारख्या घाटाच्या पायथ्याच्या गावी राहून लिहितो. माझीही पाकिटे परत आली आहेत. एका संपादकांनी तर माझ्या लेखनात अनुभव आहे पण ‘कलात्मक अंतर’ नाही असे कळवले होते. ज्याच्या पाठीवर वळ उठतो त्याने त्या वळापासून किती इंच दूर उभे राहावे, हे मात्र त्यांनी कळवले नाही. असो. मला या इतिहासाचे पहिले पान शोधायचे आहे, आणि माझ्या मते ते १८५५ सालचे आहे.

त्या साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. एक जोशी गरोदर कुणबीण आणि तिचा नवरा यांना ग्रहांचे भय घालून कसा नागवतो, आणि शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेची वाट कशी धरते, एवढीच त्याची गोष्ट. नाटक त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. या कमिटीचे नावच पाहा. पेशवाईत श्रावणात ब्राह्मणांना वाटली जाणारी ती दक्षिणा. इंग्रजांनी तिचा काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवला. त्यासाठी १८४९ साली पुण्याच्या सुधारक तरुणांनी अर्ज केला, तेव्हा जोतीराव त्यांच्या पाठीशी उभे राहिले, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे ज्या फंडासाठी झटले, त्याच फंडाच्या दारातून त्यांचे नाटक परत आले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी ‘गुलामगिरी’त स्वतः लिहून ठेवले आहे.

याच साली ‘ज्ञानोदया’ने त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध छापला होता. तेव्हा छापणारेच कोणी नव्हते, हे म्हणणे टिकत नाही. छापणारे होते, बक्षीस देणारे वेगळे होते.

जोतीरावांनी नाटक बाजूला ठेवले. मग १८६९ साली ‘ब्राह्मणांचे कसब’ हे पुस्तक काढले, तेही स्वतःच्या खर्चाने. मधे चौदा वर्षे गेली. नकार सोसण्यातील त्यांची पहिली रीत यातून दिसते. त्यांनी पुन्हा त्या कमिटीकडे जाऊन नाटक सौम्य केले नाही. विषय तोच ठेवला आणि घाट बदलला: नाटकाऐवजी पद्य, पवाडा, पुढे संवाद. आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’त त्या जुन्या नकाराची हकीकतच ग्रंथाचा भाग करून टाकली. आम्ही परतीचे पाकीट लपवतो. त्यांनी ते छापले!

पुढे टीकेची पाळी आली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांच्या व्याकरणाची थट्टा केली. ‘गुलामगिरी’त प्रश्न होता तो हजारो वर्षांच्या दास्याचा; शास्त्रीबोवांनी उत्तर दिले विभक्ती-प्रत्ययांचे. आशयाशी भांडता येत नसेल तर भाषेवर घसरायचे, ही मराठी समीक्षेची युक्ती तेव्हापासूनची आहे. जोतीरावांनी आपली भाषा काही सोवळी केली नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ तिच्याच अंगाने लिहिला गेला.

आणि या असुडाच्या बाबतीत जो नकार मिळाला तो अधिक बोचणारा आहे, कारण तो घरातला होता. १८८३ साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या ‘दीनबंधू’ने पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची थांबवली. लोखंडे म्हणजे कोणी शत्रू नव्हेत. गिरणी कामगारांना पहिल्यांदा एकत्र आणणारा हा सत्यशोधक. सरकारी रोषाची भीती वर्तमानपत्र चालवणाऱ्याला असते, हे मी समजू शकतो. जोतीरावांनी ते समजून घेतले नाही. त्यांनी आपल्यातल्या भेकड छापखानेवाल्यांची नोंद त्याच ग्रंथात करून ठेवली. मला वाटते, लोखंड्यांवर ती थोडी जास्तच कडक पडली. परंतु आपल्या माणसाचा नकार आपला म्हणून गिळायचा नाही, हेही त्यात आहे.

याहून महत्त्वाचे त्यांनी त्याच ग्रंथात सांगितले आहे. असूड जसजसा लिहून होत गेला तसतसा तो त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणच्या शूद्र गृहस्थांना वाचून दाखवला, आणि हे खरे आहे म्हणून त्या ऐकणाऱ्यांनी सह्या पाठवल्या. त्या यादीत वंगणीचेही नाव आहे. ही आमच्या कल्याण-कर्जत लाईनीवरची वंगणी असावी, असे मी मानतो. म्हणजे जोतीरावांनी परीक्षक मंडळच बदलले. कमिटीत पंडित बसले होते. इथे ज्यांच्यावर लिहिले तेच बसले, आणि त्यांनी निकाल दिला तो शैलीवर नाही, सत्यावर. आज आमच्या कवितेला ‘ही कविता आहे काय’ असे विचारतात, तेव्हा हा दाखला आम्ही का देत नाही?

दोन वर्षांनी, १८८५ साली, रानड्यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या मराठी ग्रंथकारांच्या सभेचे बोलावणे आले. ते जोतीरावांनी पत्र पाठवून नाकारले. यावेळी नकाराची दिशा उलटी होती.

पण नकाराने लेखक तावूनसुलाखून निघतो, अशी एक गोड समजूत आपल्याकडे आहे. ती मला मान्य नाही. जोतीराव तगले कारण ते ठेकेदारी करून पोट भरत होते. पुस्तक स्वतः छापण्याइतका पैसा त्यांच्या गाठी होता. ज्याच्या गाठी तो नव्हता त्याचे काय झाले? आणि ज्या प्रेक्षकासाठी नाटक लिहिले त्याचे काय? नाटक परत आले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, आमच्या डोक्यावरच्या बोरघाटात रेल्वेचे काम सुरू झाले. १८६३ साली गाडी घाट चढली. काम ऐन भरात असताना ४०,००० च्या वर मजूर तेथे दगड फोडत होते. पटकीने, सुरुंगांनी, कडे कोसळून माणसे गेली. त्या पालांतून मुहूर्त सांगणारा, ग्रहशांती करणारा फिरलाच नसेल काय? ‘तृतीय रत्न’ त्यांचेच नाटक होते. त्यांच्यापर्यंत ते आले नाही.

ते छापले गेले १९७९ साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात. मधे १२४ वर्षे गेली. तोवर मराठी रंगभूमीचा इतिहास विष्णुदास भाव्यांपासून किर्लोस्करांपर्यंत लिहून, शिकवून, परीक्षेत विचारून झाला होता.

मध्यंतरी आम्ही काही जणांनी ते नाटक आमच्या वाडीत रात्री मोठ्याने वाचले. बसवले नाही, नुसते वाचले. जोशी ग्रहांचा हिशेब मांडू लागला तेव्हा मागे बसलेल्या बाया आधी हसल्या, मग एकजण म्हणाली, “आमच्याकडून त्यानं दोन कोंबड्या नेल्या होत्या.” वाचन तिथेच थांबले आणि ज्याची त्याची हकीकत सुरू झाली. उरलेला भाग दुसऱ्या रात्री वाचावा लागला.